एमजीबी की आल्फा रोमिओ स्पायडर? उघड्या टपाची जुनी गाडी निवडताना

उघडाटप

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहतो. उघड्या टपाची जुनी, दोन आसनांची गाडी या वर्षी घ्यायचीच असे आमच्या घरी एकमताने ठरले आहे. (एकमत म्हणजे सौ.नी विरोध मागे घेतला आहे, एवढेच.) यादी बरीच लांब होती. ती छाटता छाटता दोन नावांवर आली आहे. पहिली एमजीबी रोडस्टर, क्रोमच्या बंपरची, म्हणजे १९६२ ते १९७४ या काळातली. आणि दुसरी आल्फा रोमिओ स्पायडर, १९६६ नंतरची, शक्यतो पहिल्या दोन पिढ्यांपैकी.

गाडी रोज कामावर न्यायची नाही. उन्हाळ्यात आणि रविवारी कॉट्सवोल्ड्सच्या गावरस्त्यांवर फिरायचे, वर्षातून एखादा लांबचा प्रवास करायचा, एवढीच अपेक्षा आहे. किरकोळ दुरुस्ती स्वतः शिकून करण्याची हौस आहे. मात्र वेल्डिंग येत नाही आणि या वयात शिकेन असेही वाटत नाही. अशा माणसाने कोणती गाडी घ्यावी, आणि का, हे जाणकारांनी सांगावे.

मिलानवासी

आल्फा. चर्चेला विषय हवा म्हणून कारणे देतो.

एमजीबीचे इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, एमजीची मालक कंपनी) बी-मालिकेतले, १७९८ सीसीचे, ओतीव लोखंडाचे आहे. कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, खाली ब्लॉकमध्ये, तिथून वर झडपांकडे जाणारे पुशरॉड, आणि सेवन व उत्सर्जन ही दोन्ही द्वारे हेडच्या एकाच बाजूला. चार सिलिंडरना मिळून फक्त पाच द्वारे आहेत, त्यामुळे शेजाऱ्याशेजाऱ्याने एकच दार वापरायचे. शक्ती सुमारे ९५ अश्वशक्ती. आता आल्फाकडे पाहा. १५७० सीसीचे इंजिन, ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे, माथ्यावर साखळीने फिरणाऱ्या दोन कॅमशाफ्ट, अर्धगोल दहनकक्ष, दोन वेबर कार्बोरेटर म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी, आणि शक्ती सुमारे १०९ अश्वशक्ती. या इंजिनाचा मूळ आराखडा १९५४ च्या जुलिएत्ता स्प्रिंटमधला, म्हणजे एमजीबी बाजारात येण्याच्या आठ वर्षे आधीचा आहे. त्यावर पाच गिअर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. एमजीबीला पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि गिअर चारच.

मागचा अॅक्सल दोघींचाही अखंडच आहे, पण एमजीबीने तो पाट्यांच्या स्प्रिंगवर टांगला, तर आल्फाने गुंडाळी स्प्रिंगवर बसवून आडव्या-उभ्या दांड्यांनी नीट बांधून ठेवला. खराब रस्त्यावरच्या वळणात हा फरक पाठीच्या मणक्यालाही कळतो.

चार_आणे

मिलानवासींना आल्फाच्या विक्रीवर दलाली मिळते का, हे आधी स्पष्ट व्हावे.

तेलकट_हात

मिलानवासींनी लिहिलेल्या एकाही आकड्याशी माझा वाद नाही. वाद आहे तो प्रश्नाशी. धागाकर्त्यांनी "कोणते इंजिन चांगले" असे विचारलेले नाही. ज्याला वेल्डिंग येत नाही त्याने कोणती गाडी घ्यावी, असे विचारले आहे.

मी कॉव्हेंट्रीजवळ राहतो आणि हौसेने जुन्या गाड्या दुरुस्त करतो. या वयाच्या गाडीत इंजिन ही सर्वांत स्वस्त अडचण असते. ते बाहेर निघते, टेबलावर येते, उघडून पुन्हा जोडता येते. खर्च खाऊन टाकतो तो पत्रा. एमजीबीला स्वतंत्र चॅसी नाही. सगळी ताकद शरीराच्या पत्र्यात आहे, आणि डोक्यावर टप नसल्यामुळे दाराखालच्या दोन पोकळ पट्ट्यांवर, ज्यांना इथे सिल म्हणतात, सगळा भार येतो. हीच गोष्ट स्पायडरलाही लागू आहे. सिल आतून कुजले की गाडी मधोमध झोळासारखी वाकू लागते आणि दारे नीट बसत नाहीत.

इथे दोघींचे मार्ग वेगळे होतात. एमजीबीचा संपूर्ण नवा सांगाडा, मूळ कारखान्याचेच साचे वापरून, ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून बनवते आहे. म्हणजे अगदी वाईट प्रसंग आला तरी त्याला ठरलेली किंमत आहे. आल्फाचे पत्रे सुटे मिळतात, चांगलेही मिळतात. पण ते कापून, जुळवून, जोडणारा कुशल माणूस शोधावा लागतो, आणि त्याच्या तासांचे बिल किती होईल हे काम उघडेपर्यंत त्यालाही सांगता येत नाही.

दुसरे म्हणजे संख्या. बंद टपाच्या जीटीसह पाच लाखांहून अधिक एमजीबी अॅबिंग्डनच्या कारखान्यातून १९८० पर्यंत बाहेर पडल्या. स्पायडर १९६६ पासून १९९३ पर्यंत बनत राहिली, तरी एकूण आकडा सव्वा लाखाच्या आसपासच आहे. एमजीबीचा दाराच्या हँडलखालचा रबरी वॉशरसुद्धा आज फोन केला तर उद्या टपालाने येतो.

उघडाटप

तेलकट_हात, धन्यवाद. मग असे विचारतो: दोन्ही गाड्यांचा पत्रा सारख्याच चांगल्या स्थितीत असेल, तर तुमचे मत बदलेल का?

तेलकट_हात

बदलेल. पण अशी जोडी बाजारात शेजारी शेजारी उभी सापडणे कठीण आहे, आणि सापडली तर आल्फाची किंमत बरीच जास्त असेल.

निवृत्त_अभियंता

पुण्यातून लिहितो आहे; आयुष्य वाहन उद्योगात गेले, म्हणून थोडे विषयांतर क्षम्य मानावे. मिलानवासींनी ज्या बी-मालिकेला नावे ठेवली, तिच्यावर आपला देश अनेक दशके चालला आहे. हिंदुस्थान मोटर्सच्या अॅम्बेसेडरला १९५९ पासून जे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन होते, ते याच घराण्यातले. १९५५ साली आलेल्या एमजीएला, म्हणजे एमजीबीच्या आधीच्या गाडीलाही, सुरुवातीला हेच १४८९ सीसीचे इंजिन होते. फक्त कार्बोरेटर, कॅम आणि चाल निराळी. तेव्हा एमजीबीचे बोनेट उघडल्यावर आमच्या पिढीच्या माणसाला परके वाटत नाही. टॅपेटची, म्हणजे झडपेवरची, फट कशी बसवायची हे डेक्कनवरच्या मिस्त्रीने कधीच दाखवून ठेवलेले असते. अर्थात सुटे भाग सरसकट बसत नाहीत, त्या भ्रमात कोणी राहू नये. पहिल्या एमजीबींत क्रँकशाफ्टला तीनच बेअरिंगे होती. १९६४ च्या अखेरीस ती पाच झाली आणि इंजिन बरेच शांत झाले. जमल्यास पाच बेअरिंगांचेच घ्यावे.

टॅपेटचा विषय निघालाच आहे, तर हा फरक नवशिक्याने लक्षात घ्यावा. एमजीबीत झाकण काढायचे, फीलर गेज घालायचा, स्क्रू फिरवायचा आणि नट आवळायचा. चहा गार होण्याआधी काम संपते. आल्फात ती फट कॅमखालच्या पातळ चकत्या बदलून बसवतात, आणि त्यासाठी कॅमशाफ्ट उचलून काढावे लागते. ते वारंवार करावे लागत नाही, हे मान्य. पण करावे लागते तेव्हा मापे लिहून ठेवणारा शिस्तीचा माणूस लागतो.

याउलट एक गुण आल्फाच्या बाजूचा. शिसेयुक्त पेट्रोल बंद झाल्यावर लोखंडी हेडातल्या उत्सर्जन झडपांच्या बैठका झिजू लागतात, कारण शिसे त्या पृष्ठभागाला राखत असे. म्हणून एमजीबी घेताना हेडात कठीण धातूच्या बैठका बसवलेल्या आहेत का, हे विचारावे. अॅल्युमिनियमच्या हेडात बैठका मुळातच वेगळ्या धातूच्या बसवाव्या लागतात, त्यामुळे आल्फाला ही चिंता फारशी नाही.

मृदगंधा

मी यॉर्कशरमध्ये राहते आणि आमच्याकडे १९७२ ची एमजीबी आहे. गाडी माझी आहे, यजमान शेजारी बसतात. हे आधीच सांगते, कारण पेट्रोल पंपावर लोक नेहमी त्यांनाच प्रश्न विचारतात.

तांत्रिक तुलना वाचून असा समज होईल की एमजीबी म्हणजे ट्रॅक्टर. प्रत्यक्ष चालवताना तसे अजिबात वाटत नाही. कमी फेऱ्यांवर तिचे इंजिन मनापासून ओढते. चढावर तिसरा गिअर टाकला की पुन्हा हात लावावा लागत नाही. आल्फाचा खरा जोर वरच्या फेऱ्यांत आहे, आणि आमच्या भागातल्या मेंढ्या आडव्या येणाऱ्या अरुंद रस्त्यांवर तिथपर्यंत पोचण्याची संधी क्वचितच मिळते. ताशी शून्यावरून ९६ किलोमीटर गाठायला एमजीबीला सुमारे १२ सेकंद लागतात, पहिल्या स्पायडरला सुमारे ११. आजची कोणतीही घरगुती हॅचबॅक दोघींना मागे टाकून निघून जाईल. तेव्हा वेगाच्या नावाने भांडण्यात अर्थ नाही.

चारच गिअर हा आक्षेप मात्र अर्धाच खरा आहे. लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह असलेली गाडी घ्या. तो विजेच्या बटणावर चालतो आणि तिसऱ्या व चौथ्या गिअरवर लागतो, म्हणजे पुढे जाण्याचे एकूण सहा टप्पे हाताशी येतात. मोटरवेवर ताशी ११२ किलोमीटरला तो नसताना इंजिन मिनिटाला सुमारे ३९०० फेरे घेते, तो लावल्यावर सुमारे ३२००. धागाकर्त्यांना लांबचा प्रवास करायचा आहे, म्हणून माझ्या मते ओव्हरड्राइव्ह नसलेली एमजीबी त्यांनी पाहायलाही जाऊ नये.

आल्फाला एका बाबतीत मात्र निमूटपणे मान देते, ती म्हणजे टप. स्पायडरचा टप बसल्या जागेवरून एका हाताने मागे टाकता येतो आणि पावसाची पहिली सर आली की तसाच ओढून घेता येतो. सुरुवातीच्या एमजीबींत कापड वेगळे, सांगाडा वेगळा असा प्रकार असे आणि तो उभारेपर्यंत माणूस चिंब होई. १९७१ च्या सुमारास आलेला घडीचा टप त्यापेक्षा पुष्कळ बरा. तरीही एका हाताने तो होत नाही.

मिलानवासी

मृदगंधाताई, बटण दाबून मिळणाऱ्या गिअरला मी गिअर म्हणावे, असा आपला आग्रह असेल तर मी शरण आहे. आल्फाच्या पाच गिअरच्या पेटीबद्दल एक पथ्य मात्र मीच सांगतो, नाहीतर तेलकट_हात सांगतील: दुसऱ्या गिअरचा सिंक्रो, म्हणजे गिअर खरखर न होता अलगद बसवणारा भाग, नाजूक असतो. गाडी थंड असताना दुसरा घाईने टाकला की खरखर ऐकू येते. तेल तापेपर्यंत सावकाश टाकावा किंवा डबल क्लच करावा. विकत घेण्यापूर्वी चालवून पाहताना तिसऱ्यातून दुसऱ्यात झटक्यात येऊन पाहावे. आधीच्या मालकाचा स्वभाव तिथे कळतो.

तेलकट_हात

मी हेड गॅस्केटही सांगणार होतो. अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये लोखंडी लायनर आणि तेलाच्या वाटांभोवती छोट्या रबरी रिंगा, अशी ती रचना आहे. रिंगा म्हाताऱ्या झाल्या की तेल पाण्यात किंवा बाहेर येते. रेडिएटरचे झाकण उघडून पाण्यावर तवंग आहे का हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि न्यायाने सांगायचे, तर १९६७ पर्यंतच्या एमजीबीला पहिल्या गिअरचा सिंक्रोच नव्हता.

पॅसिफिककर

कॅलिफोर्नियातून दोन गोष्टी. एमजीबींचा फार मोठा हिस्सा अमेरिकेतच विकला गेला, आणि आता त्यांतल्या पुष्कळ इंग्लंडला परत जात आहेत, कारण इकडच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो. परत आलेली गाडी पाहताना सुकाणू डावीकडे आहे की बदलून उजवीकडे केले आहे, हे तपासा. बदल केलेला असेल तर कोणी केला आणि कसा केला, हे कागदावर मिळाले पाहिजे.

दुसरे म्हणजे अमेरिकी नियमांनी या दोन्ही गाड्यांची काय दशा केली, तो इतिहास. १९७४ च्या शरदात एमजीबीला काळे रबरी बंपर आले, आणि बंपर व दिव्यांच्या उंचीचे नियम पाळण्यासाठी गाडीच चाकांवर दीडेक इंच उचलली गेली. शिवाय वळणावर गाडी कलू न देणारा पुढचा दांडा, म्हणजे अँटीरोल बारही काढला, जो १९७७ मध्ये परत आला. इथल्या गाड्यांना नंतर एकच झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग कार्बोरेटर उरला आणि शक्ती साठ-बासष्ट अश्वशक्तीपर्यंत घसरली. आल्फाने प्रदूषणाच्या नियमांसाठी वेबर काढून स्पिका नावाचे यांत्रिक इंधन इंजेक्शन बसवले. त्याला सगळे शिव्या देतात, पण ज्याला ते समजते त्याच्या हाती ते उत्तम चालते. असे लोक आता थोडेच उरले आहेत. म्हणून अमेरिकेतून आलेली स्पायडर घेतली, तर तिच्यासोबत तिचा मिस्त्रीही आयात करावा लागेल.

चार_आणे

इंग्रजी गाड्यांना वीजसामान पुरवणाऱ्या लूकस कंपनीला तिकडे "अंधाराचा राजपुत्र" म्हणतात, हे खरे का? मी ऐकले आहे की त्यांच्या दिव्याच्या बटणाला तीन अवस्था असत: बंद, मंद आणि फडफड.

तेलकट_हात

विनोद इंग्रजांनीच केला आहे, म्हणून हसायला हरकत नाही. पण माझ्या पाहण्यात एमजीबीच्या विजेच्या दहा तक्रारींतल्या बहुतेक तक्रारी अर्थिंगच्या आणि गंजलेल्या जोडण्यांच्या असतात. जोडण्या घासून स्वच्छ केल्या आणि बॅटरीचा अर्थ नीट आवळला की निम्मा अंधार जातो. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत आसनांमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत; पुष्कळांनी त्या काढून बारा व्होल्टची एकच बसवली आहे, आणि ते शहाणपणाचेच आहे. १९६७ च्या आधीची गाडी असेल तर धन टोक अर्थला जोडलेले असते. नवा रेडिओ लावण्यापूर्वी ते आठवावे.

रेषा_आणि_वळण

इतका वेळ नटबोल्ट चालले आहेत, पण उघड्या टपाची गाडी माणूस आधी डोळ्यांनी घेतो. पहिली स्पायडर मार्च १९६६ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली आणि पुढच्याच महिन्यात तिचे रूप घडवणाऱ्या पिनिनफरिना कंपनीचे संस्थापक बत्तिस्ता पिनिनफरिना गेले. त्यांनी स्वतः लक्ष घातलेली ही अखेरची गाडी. तिची मागची बाजू होडीच्या टोकासारखी निमुळती आहे. बाजूने दारावरून जी खोल पन्हळ वाहत जाते, तिच्यामुळे उभी गाडीही पुढे सरकते आहे असे वाटते. १९७० मध्ये कंपनीने ती शेपटी सरळ कापून टाकली, आणि माझ्या मते तिथेच या गाडीचे लावण्य संपले.

एमजीबी देखणी आहे, प्रमाणबद्ध आहे, पण तिच्याकडे मागे वळून पाहावेसे वाटत नाही. गंमत म्हणजे तिच्या जीटी या बंद टपाच्या भावंडाला पिनिनफरिनांचाच हात लागला, आणि माझ्या मते ती रोडस्टरपेक्षा सरस दिसते.

निवृत्त_अभियंता

शेपटी कापली ती केवळ लहर म्हणून नव्हे. वुनिबाल्ड काम या जर्मन शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकातच दाखवले होते की, निमुळते टोक पुरेसे लांब ठेवता येत नसेल तर ते सरळ छाटलेले बरे. हवेचा अडथळा फारसा वाढत नाही आणि लांबी वाचते. स्पायडरच्या बाबतीत डिकीची जागाही वाढली. पहिल्या पिढीत उतरत्या शेपटीखाली दोघांच्या मोठ्या बॅगा मावणे अवघड, आणि धागाकर्त्यांना सौ.ना घेऊन लांबच्या प्रवासाला जायचे आहे. विरोध पुन्हा उद्भवू शकतो.

रेषा_आणि_वळण

अभियंत्याला डिकी दिसते आणि मला शेपटी, हा वाद इथे सुटणार नाही. पण पैशाच्या दृष्टीनेही बाजार माझ्या बाजूने आहे. गोल शेपटीच्या गाड्यांना कापलेल्या शेपटीपेक्षा अधिक भाव येतो.

मृदगंधा

भाव अधिक आहे म्हणून तर धागाकर्त्यांनी कापलेल्या शेपटीची, १९७१ नंतरची, १९६२ सीसीच्या इंजिनाची पाहावी. आल्फाच घ्यायची असेल तर रोजच्या व्यवहाराला तीच सोयीची आहे.

इंग्लंडपुरती एक सूचना. चाळीस वर्षे उलटलेल्या गाडीला रस्ताकर नाही, आणि तिच्यात मोठे फेरफार केलेले नसतील तर वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. ही सवलत घ्या, पण तपासणी स्वखुशीने करून घ्या, विशेषतः ब्रेकची. पेट्रोल पाच टक्के इथेनॉलचेच भरा. २०२१ पासून साध्या पंपावर दहा टक्क्यांचे मिळते, आणि ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. विमा ठरीव मूल्याचा घ्या, नाहीतर अपघात झाल्यावर कंपनी जुन्या गाडीला जुनी गाडी म्हणूनच मोजते.

उघडाटप

सर्वांचे मनापासून आभार. दरम्यान मी दोन गाड्या पाहण्याचे ठरवले आहे. एक १९७१ ची एमजीबी, ओव्हरड्राइव्हची, नव्या सांगाड्यावर उभारलेली; विक्रेत्याकडे त्या कामाची छायाचित्रे आहेत. दुसरी १९७३ ची स्पायडर, '२००० व्हेलोचे' (Veloce) या प्रकारातली, मूळची उजव्या सुकाणूची. तिचा रंग नवा आहे आणि "गंज नाही" असे विक्रेता खात्रीने सांगतो. किंमत स्पायडरची जास्त आहे, पण आवाक्याबाहेर नाही. प्रामाणिकपणे सांगतो, मन स्पायडरकडे ओढते आहे.

तेलकट_हात

नवा रंग आणि विक्रेत्याची खात्री ही दोन वाक्ये एकत्र आली की मी खिशातून लोहचुंबक काढतो. फडक्यात गुंडाळलेला छोटा चुंबक सिलच्या खालच्या कडेवरून, चाकांच्या कमानींवरून आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यांवरून फिरवा. जिथे तो चिकटणार नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. दार उघडून मागच्या बाजूची फट वर आणि खाली सारखी आहे का पाहा. मग गाडीचा एक कोपरा जॅकवर उचलून तेच दार पुन्हा लावून पाहा. अडकले तर सांगाडा वाकतो आहे. स्पायडरच्या डिकीतला गालिचा उचलून सुट्या चाकाचा खड्डा बघा आणि टपामागे साचणाऱ्या पाण्याचा निचरा होणाऱ्या वाटा तुंबल्या आहेत का तेही बघा, कारण तिथून झिरपलेले पाणी आतल्या आत काम करते. विक्रेता गाडी जॅकवर घेऊ देत नसेल, तर चहा घेऊन परत या.

नव्या सांगाड्याच्या एमजीबीला हे सगळे कमी लागेल. तिच्यात काम किती चोख झाले आहे, तेवढेच पाहायचे.

मिलानवासी

तेलकट_हातांचे म्हणणे मी अक्षरशः मान्य करतो, आणि तरीही सांगतो: दोन्ही गाड्या त्याच दिवशी, एकामागून एक चालवा, आणि आधी एमजीबी. उलट क्रमाने चालवाल तर एमजीबीवर अन्याय होईल. स्पायडर पूर्ण तापल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४००० फेऱ्यांच्या वर नेऊन पाहा. त्यानंतरही एमजीबी घ्यावीशी वाटली तर निःशंक घ्या, मी अभिनंदन करीन.

चार_आणे

आणि सौ.ना सोबत न्या. दोन्ही गाड्यांत शेजारच्या आसनावर त्याच बसणार आहेत.

उघडाटप

शनिवारी सकाळी एमजीबी, दुपारी स्पायडर, असे ठरले आहे. सौ. येत आहेत आणि लोहचुंबक त्यांच्याच पर्समध्ये राहील. स्पायडरच्या विक्रेत्याला जॅकबद्दल आजच फोनवर विचारले. "आल्यावर बघू" असे उत्तर मिळाले आहे.

तेलकट_हात

मग एमजीबीच्या विक्रेत्याला सांगून ठेवा की दुपारनंतर कदाचित पुन्हा याल.